हेरखातें आणि मनुष्यस्वभाव

पवनेच्या कांठीं वसलेल्या चिंचवड गांवांत मोरया गोसाव्यांच्या समाधिमंदिराकडून जुन्या वस्तींत शिरलें कीं चापेकरांचा वाडा लागतो. तेथें आतां स्मारक झालें आहे. जवळच्या चौकासही चापेकरांचेंच नांव आहे, आणि त्या चौकांतून दिवसरात्र वाहनांची जी रीघ लागलेली असते तींत कारखान्यांकडे जाणारी मंडळी पुष्कळ. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. त्यामागून मोटारींचे, यंत्रांचे, सुट्या भागांचे कारखाने पिंपरी, चिंचवड, भोसरी करीत थेट चाकणपर्यंत पसरले, आणि २०१८ सालीं या टापूस पुण्याहून वेगळें पोलीस आयुक्तालयही मिळालें. तिसऱ्या पाळीस धांवणाऱ्या माणसानें चौकाच्या नांवाचा इतिहास आठवावा अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या विषयाकडे आज जगांतल्या मोठमोठ्या हेरखात्यांचें लक्ष लागलें आहे, त्याचा एक फार बोलका अध्याय या वाड्याशीं जोडलेला आहे. तो वाचकांपुढें मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

तो विषय असा. राज्याच्या संरक्षणासाठीं गुप्त वार्ता जमविणाऱ्या खात्यांत हल्लीं वर्तनशास्त्रज्ञ नेमण्याची पद्धति पडली आहे. हा गृहस्थ स्वतः वेष पालटून कोठें जात नाहीं. फितूर होण्याजोगा माणूस कोणता, बातमी आणणारा खरें बोलतो कीं बक्षिसासाठीं बोलतो, परका सेनानी पेंचांत सांपडला तर काय करील, आपल्याच खात्यांतला कोण मनानें खचला आहे, हें तो पाहतो. सर्वांत नाजूक काम पुढेंच आहे. आपले वरिष्ठ ज्या निष्कर्षास येऊन पोहोंचले तो पुराव्यानें आला कीं मनाच्या खोडीनें आला, हेंही त्यासच पाहावें लागतें. आणि तें बोलून दाखविण्यास किती छाती लागत असेल हें नोकरी केलेल्या कोणाही वाचकास सांगावयास नको.

नांव नवें असलें तरी ही विद्या नवी नाहीं. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत फितुरीस वश होणाऱ्या माणसांचे चार वर्ग दिले आहेत: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. प्रत्येकाच्या मनाची किल्ली निराळी, म्हणून उपायही निराळा. कपटी विद्यार्थी, संन्यास सोडलेला उदासी, शेतकरी, व्यापारी, तापस अशा नाना वेषांतले हेर सांगून झाल्यावर तो आणखी एक नियम घालतो. हेरांस एकमेकांची ओळख असूं नये, आणि तिघांचें म्हणणें एक पडलें तरच बातमी खरी मानावी. या नियमाकडे आम्हांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

आपल्या मुलुखांत ही विद्या पोथीवांचूनही नांदत होती. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनीं छप्पन्न दिवस लढविला, आणि १६६० च्या पावसाळ्यांत तो शाइस्तेखानाच्या हातीं पडला. तोच खान पुण्यास लाल महालांत राहिला असतां १६६३ च्या एप्रिलांत, रमजानच्या महिन्यांत, महाराज मध्यरात्रीं त्याच्या शयनगृहापर्यंत जाऊन पोहोंचले. एवढ्या प्रचंड छावणीच्या पोटांत शिरणें हें निव्वळ धाडसाचें काम नव्हे. पहाऱ्याचा, मुदपाकखान्याचा, निजण्याउठण्याचा परिपाठ ठाऊक असल्यावांचून तें साधलें नसतें. भिंतीची जाडी सांगणारे हेर पुष्कळ मिळतात. आंतलीं माणसें कोणत्या घटकेस बेसावध असतात हें सांगणारा विरळा.

इंग्रजांचें हेरखातें मात्र निराळ्या मुशींत घडलें. स्लीमन हा ठगीच्या खात्याचा मुख्य. त्यानें ठगांची गुप्त बोली कोशांत उतरविली, माफीच्या साक्षीदारांस बोलतें करून घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. मेहनत दांडगी होती यांत शंका नाहीं. परंतु त्याच दशकांत सात ठगांच्या कवट्या एडिंबरोच्या मस्तकशास्त्र्यांकडे पाठविण्यांत आल्या. डोक्याच्या उंचवट्यांवरून मनुष्याचा स्वभाव ओळखतां येतो अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. तें शास्त्र लवकरच हास्यास्पद ठरलें; त्यामागची कल्पना मात्र टिकली. ती अशी कीं, गुन्हा हा माणसाचा नसून त्याच्या जातीचा किंवा कुळाचा असतो. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला तो याच कल्पनेवर, आणि तो सर्व देशांतून उठावयास १९५२ साल उजाडावें लागलें. १८८७ सालीं राजकीय बातम्यांसाठीं मध्यवर्ती विशेष शाखा निघाली तीही ठगी-डकैती खात्यांतच. आजचें भारताचें गुप्तवार्ता खातें आपला आरंभ तेथूनच मोजतें. म्हणजे ज्या दप्तरांत ठगांच्या वंशावळी रचल्या गेल्या, त्याच दप्तराच्या परंपरेंत वर्तमानपत्रें, सभा आणि उत्सव यांवर नजर ठेवण्याचें काम आलें.

अशा दप्तरावर १८९७ सालचें पुणें येऊन आदळलें. आदल्या वर्षीं मुंबईस प्लेग सुरू झाला, तो पुण्यास पोहोंचला, फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमून घरोघर तपासणीसाठीं गोऱ्या शिपायांच्या तुकड्या लावण्यांत आल्या. साथ आटोक्यांत आणावयाची तर रोगी शोधले पाहिजेत, घरें धुतलीं पाहिजेत, हें खरें; त्याविषयीं आज कोणी वाद घालणार नाहीं. वाद आहे तो रीतीविषयीं. देवघरांत आणि स्वयंपाकघरांत पायांत बूट घालून शिरणें, बायकांस अंगणांत उभें करून तपासणें, सामान बाहेर काढून जाळणें, ज्याच्या अंगीं रोग नाहीं त्यालाही घरांतून हलविणें, या गोष्टींनीं शहराचें मन कसें झालें असेल हें समजण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नव्हती.

आतां कौटिल्याचा नियम लावून पाहूं. सरकारास या असंतोषाची बातमी एका तोंडून मिळाली नव्हती. केसरींत टिळक लिहीत होते. त्यांस सरकार शत्रूच समजे, तेव्हां त्यांची साक्ष बाजूस ठेवूं. (हे टिळक साथींत शहर सोडून गेले नाहींत आणि हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय काढण्यांत पुढें होते, ही गोष्ट नोंदवून ठेवावी.) दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्या ख्रिस्ती झालेल्या, टिळकांच्या पक्षाशीं त्यांचें हाडवैर, सरकारविरुद्ध बोलण्यांत त्यांस लाभ कांहींच नाहीं. तरी आपल्या संस्थेंतील एका मुलीच्या संबंधानें प्लेगच्या रुग्णालयांतील व्यवस्थेवर त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत कडक लिहिलें. तिसरी साक्ष गोखल्यांची. ते टिळकांचे प्रतिपक्षी, नेमस्त, त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेलेले. परस्परांशीं न पटणारीं अशीं तीन माणसें एकच गाऱ्हाणें सांगतात, यापरतें बातमीच्या खरेपणाचें दुसरें लक्षण कोणतें असणार?

पण येथें एक घोटाळा झाला, आणि तो आमच्या बाजूनें झाला हें मान्य केलें पाहिजे. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनीं शिपायांकडून स्त्रियांवर बलात्कार झाल्याचें विलायतेंत सांगितलें. परत आल्यावर तें शाबीत करून देण्यास कोणी पुढें येईना, तेव्हां त्यांनीं सरकारची व शिपायांची जाहीर माफी मागितली. गोखल्यांचें उभें आयुष्य पाहतां या माफीनें त्यांचा कमीपणा झाला असें आम्हांस वाटत नाहीं. ऐकीव बातमी चुकली हें उघडपणें कबूल करणारे राजकारणी थोडे. सरकारनें मात्र त्या माफीचा भलताच अर्थ केला. सर्वांत भयंकर आरोप सिद्ध झाला नाहीं, म्हणून बाकीचीं गाऱ्हाणींही बनावट ठरलीं, आणि बनावट गाऱ्हाणीं आहेत म्हणजे तीं कोणीतरी मुद्दाम बनविलेलीं असलीं पाहिजेत, असा तो तर्क चालला. मनाची ही घसरण अगदीं सामान्य आहे. आपण घरांतल्या भांडणांतही असेंच करतों.

असो. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या राजभवनांत राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परततांना दामोदर हरि चापेकरांनीं रँडवर व त्यांचे बंधु बाळकृष्ण यांनीं लेफ्टनंट आयर्स्ट याजवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच मेला; रँड ३ जुलैस वारला. आयर्स्टचा प्लेगच्या कामाशीं संबंध नव्हता, हें विसरून या कृत्याचा गौरव करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु आमचा विषय कृत्याचा निवाडा हा नाहीं. त्यानंतर सरकारच्या मनानें काय केलें हा आहे.

सरकारच्या मनानें एका रात्रींत कट रचला. ब्राह्मणांचें पुणें, शिवाजी-उत्सव, गणपतीचे मेळे, केसरी, या सर्वांचे धागे जोडून एक जाळें काढलें गेलें. मारेकरी कोण हें ठाऊक नसतांना सूत्रधार कोण हें मात्र ठरून गेलें. टिळकांस जुलैच्या अखेरीस पकडलें, आणि सप्टेंबरांत राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा दिली. खटला लेखांचा होता, खुनाचा नव्हता. कटाचा धागा त्यांच्यापर्यंत नेणारा पुरावा न्यायासनापुढें आलाच नाहीं. नातू बंधूंस तर खटलाही लाभला नाहीं. १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनाखालीं त्यांस चौकशीवांचून अटकेंत ठेवलें. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहराकडून घेतला. मनुष्यस्वभाव चुकीचा वाचला म्हणजे दंड कोण भरतो तें यावरून दिसतें.

खरा मारेकरी यांपैकीं कोणत्याही मार्गानें सांपडला नाहीं. सरकारनें वीस हजार रुपयांचें बक्षीस लावलें होतें, आणि मुंबईहून ब्रुइन नांवाचा कसलेला पोलीस अधिकारी तपासावर आणला होता. त्यास धागा मिळाला तो गणेश शंकर द्रविड याच्याकडून. हा चापेकरांच्या मंडळींतील माहितगार, आणि त्या सुमारास दुसऱ्याच एका गुन्ह्यासाठीं तुरुंगांत खितपत पडलेला. कौटिल्याच्या भाषेंत बोलावयाचें तर लुब्धही आणि भीतही. ब्रुइननें जातीचा सिद्धांत बाजूस ठेवला आणि एका विशिष्ट माणसास काय हवें आहे एवढेंच पाहिलें. मोठ्या दप्तरास जें साधलें नाहीं तें त्यास साधलें. ऑक्टोबरांत दामोदरपंतांनीं कबुली दिली. (गंमत अशी कीं, याच वर्षीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धति सरकारनें मान्य केली. अंगठा ओळखण्याचें शास्त्र पक्कें होत होतें. मन ओळखण्याचें अजून कवटीच्या आसपासच घुटमळत होतें.)

आणि आतां या प्रकरणांतला आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भाग. फांशीपूर्वीं येरवड्याच्या तुरुंगांत दामोदरपंतांनीं आपलें आत्मवृत्त लिहिलें. पोलिसांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर करविलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, अमेरिकेच्या हेरखात्यानें वॉल्टर लँगर या मनोविश्लेषकाकडून हिटलरच्या मनाचा अभ्यास करून घेतला. लँगरनें हिटलरास तपासलें नव्हतें. भाषणें, लेख आणि त्याला ओळखणाऱ्यांच्या आठवणी यांवरून त्यानें अंदाज बांधला, आणि पराभव दिसूं लागल्यावर हा मनुष्य आत्महत्या करील असा संभव त्यानें सर्वांत बळकट मानला. मुंबई सरकारच्या हातीं साधन याहून किती तरी मोठें होतें! मनुष्य कोठडींत, हातांत लेखणी, आणि लपविण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं.

त्या आत्मवृत्तांत काय दिसतें? कीर्तनकाराच्या घरांत, वडिलांच्या मागें टाळ-झांजा घेऊन फिरत वाढलेला मुलगा. शरीर कमावण्याचा नाद, सैनिक होण्याची अनिवार हौस, सैन्यांत शिरण्यासाठीं केलेली आणि व्यर्थ गेलेली धडपड. मग समवयस्क पोरें जमवून काढलेली कवायतीची मंडळी. हिंदुधर्मावरील विघ्नें दूर करणें हा तिचा उद्देश. रोष पहिल्यानें वळला तो समाजसुधारकांवर आणि धर्म सोडलेल्यांवर, इंग्रजांवर मागाहून. मुंबईस राणीच्या पुतळ्यास डांबर फासलें तें १८९६ सालीं, म्हणजे रँड पुण्यास येण्यापूर्वीं. प्लेगनें हा क्रोध निर्माण केला नाहीं. त्यानें त्यास एक तोंडवळा दाखविला. हा मनुष्य क्रुद्ध आणि मानी या दोन वर्गांतला, कोणाच्या हुकमाची वाट पाहणारा नव्हे. अशा माणसामागें सूत्रधार शोधीत बसणें म्हणजे त्यास न ओळखणेंच होय. अर्थात् उत्सवांतून आणि वर्तमानपत्रांतून वारा वाहत होता, आणि तो या घरांतही शिरत होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वारा आणि आज्ञा यांत फरक आहे, आणि हेरखात्याचें सारें कौशल्य तो फरक ओळखण्यांत आहे.

तें आत्मवृत्त कोणी या दृष्टीनें वाचलें असतें तर पुढची गोष्ट टळली असती काय? सांगवत नाहीं. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदरपंतांस फांशी दिलें. बाळकृष्णपंत निजामाच्या मुलुखांत लपले होते ते पुढें पकडले गेले. बक्षीस घेतलेले द्रविड बंधु पुण्यांतच राहत होते, आणि ज्या घरांतला थोरला भाऊ त्यांच्या शब्दावर फांसावर चढला त्या घरांत विशीही न ओलांडलेला वासुदेव होता. एवढ्यावरून काय घडेल हें चाळींतल्या कोणाही म्हातारीनें सांगितलें असतें. फेब्रुवारी १८९९ मध्यें वासुदेव आणि महादेव विनायक रानडे यांनीं वेष पालटून, पोलिसांकडून बोलावणें आलें आहे असें सांगून, दोघां द्रविडांस रात्रीं घराबाहेर काढलें आणि गोळ्या घातल्या. पोलिसांच्या हाकेस हीं माणसें ओ देतील, रात्रीं-अपरात्रीं उठून येतील, हें त्या दोन पोरांनीं बरोबर ताडलें होतें. मनुष्यस्वभावाचा एवढा अचूक उपयोग या साऱ्या प्रकरणांत सरकारी बाजूनें ब्रुइनखेरीज कोणाकडूनही झाला नाहीं. त्या वर्षीं ८ मे रोजीं वासुदेव, १० मे रोजीं रानडे आणि १२ मे रोजीं बाळकृष्णपंत येरवड्यास फांशीं गेले. बातमी देणारा मनुष्य काम झाल्यावर कोणत्या धोक्यांत राहतो याचा विचार आज हेरखात्यांतले मानसशास्त्रज्ञ करतात. द्रविडांस वाचविण्याचा विचार कोणी केला होता असें या हकीकतीवरून दिसत नाहीं.

आपल्या देशांत या विद्येचा सरकारी आरंभ झाला तो १९४३ सालीं, डेहराडूनला, सैन्याचे अधिकारी निवडतांना उमेदवारांची मानसिक परीक्षा घेण्यासाठीं मंडळ बसलें तेव्हां. १९४९ सालीं संरक्षण खात्यांत मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा निघाली, तिचीच पुढें दिल्लीस संस्था झाली. सैनिक होण्यासाठीं तळमळणारा आणि नाकारला गेलेला तरुण पुढें काय करतो, हा प्रश्न अशा मंडळापुढें चिंचवडच्या दामोदरपंतांइतका स्पष्ट क्वचितच आला असेल.

परंतु परक्याचें मन वाचणें हा या विद्येचा अर्धाच भाग, आणि तोही सोपा. अवघड अर्धा रिचर्ड्स ह्यूअर यानें मांडला. तो १९५१ पासून अमेरिकेच्या हेरखात्यांत होता. १९९९ सालीं त्याचें पुस्तक निघालें. त्याचा मुद्दा असा कीं, हेरखातीं चुकतात तीं बहुधा बातमी कमी पडल्यामुळें नव्हे. बातम्या जसजशा वाढतात तसतसा अधिकाऱ्याचा स्वतःवरील विश्वास वाढतो; निष्कर्षाचा खरेपणा मात्र त्या मानानें वाढत नाहीं. म्हणून एकाच तर्काला पुरावे जोडीत न बसतां सर्व शक्य तर्क एका ओळींत मांडावे, आणि कोणता पुरावा कोणत्या तर्कास खोडून काढतो तें पाहावें. २००३ सालीं इराकच्या संहारक शस्त्रांविषयीं अमेरिका व इंग्लंड यांच्या खात्यांनीं जें छातीठोक सांगितलें, आणि युद्धानंतर जीं शस्त्रें सांपडलींच नाहींत, तो प्रकार हें पुस्तक छापून झाल्यावरचा आहे. शहाणपण कपाटांत असणें आणि दप्तरांत असणें या दोन गोष्टी निराळ्या.

१८९७ च्या जुलैंत पुण्याच्या सरकारी टेबलावर असे तर्क मांडले असते तर? पक्षाचा कट, एखाद्या लहानशा मंडळीचें कृत्य, अपमान झालेल्या एखाद्या कुटुंबाचा सूड, पलटणीच्या गोटांतलेंच एखादें वैर. यांपैकीं पहिल्या तर्कास प्रतिकूल पुरावा त्या वेळींही पुष्कळ होता. एवढा मोठा कट असता तर वीस हजारांच्या मोहानें पहिल्या पंधरवड्यांतच कोणी फुटला असता. कोणी फुटलें नाहीं, याचा अर्थ सरकारनें ‘कट फार घट्ट आहे’ असा केला. ‘माहितगार फार थोडे आहेत’ हा अर्थ त्याला सुचलाच नाहीं.

आणि पुढें एकवीस वर्षांनींही सुचला नाहीं. १९१८ सालीं न्यायमूर्ति रौलट यांच्या समितीचा अहवाल निघाला. हिंदुस्थानांतील क्रांतिकारक कटांचा तो इतिहास मुंबई इलाख्यापासून आणि पुण्याच्या चित्पावन ब्राह्मणांपासून सुरू होतो. चापेकर बंधूंचें प्रकरण त्याच्या पहिल्याच अध्यायांत आहे. माणसाआधीं जात, हा ठगीच्या दप्तरांतला जुनाच क्रम. त्या अहवालावरून १९१९ च्या मार्चांत चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याचा कायदा झाला, म्हणजे नातू बंधूंवर जो प्रयोग झाला होता तो सर्व देशासाठीं मोकळा झाला. एप्रिलांत अमृतसरास काय झालें तें वाचकांस ठाऊक आहे. दामोदरपंतांचें आत्मवृत्त तोंपर्यंत सरकारी दप्तरांतच होतें. इंग्रजांचें राज्य जाऊन कांहीं वर्षें लोटल्यावर तें छापून निघालें.